भोक सरकलेला पैसा

टर्रकन आवाज झाला आणि दीपेशची बाही काचपेटीच्या कडीपाशी अडकून फाटली.

“नवा शर्ट. आता आई तुझी आरती ओवाळेल,” दिपिका म्हणाली. भावाची फजिती झाली की या धाकट्या बहिणीचा चेहरा उगाचच उजळायचा.

पण आज बाहीचं कुणाला पडलंय? मे महिन्याची सुट्टी, पनवेलच्या वाचनालयात उद्यापासून अविनाशकाकांच्या जुन्या नाण्यांचं प्रदर्शन, आणि त्यातलं सगळ्यात भारी नाणंच गायब! दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला भोकाचा पैसा. तसले पैसे काकांकडे पुष्कळ होते, पण सगळ्यांचं भोक मधोमध. याचं मात्र एका बाजूला सरकलेलं. टांकसाळीत चकतीला आधी भोक पाडायचे, मग छाप मारायचे. या चकतीचं भोकच चुकीच्या जागी पडलं होतं. काकांनी ही कथा येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवून ऐकवून बेजार केलं होतं.

“सकाळी टेबलावर होता,” काका म्हणाले. “इथं आलं कोण कोण?”

येणार कोण? ही दोघं, पेटीला कडी बसवणारा आनंदा सुतार, आणि मालू. मालू मोरा बंदरावरची. तिची आई सोनाबाई पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. सुट्टीत मालू धाकट्या सुदामला कडेवर घेऊन आईबरोबर यायची आणि या दोघांबरोबर दिवसभर हुंदडायची.

नेमकी तेव्हाच ती दारात आली. उकाड्यामुळे सुदाम उघडाच होता. कमरेला काळा करगोटा, करगोट्यात एक भोकाचा पैसा. आणि भोक? एका बाजूला.

काकांनी काही न विचारता करगोट्याची गाठ सोडली आणि पैसा काढून घेतला. सुदामने भोकाड पसरलं.

“आमचा हाय तो, काका. आज्याचा,” मालू म्हणाली.

“असा पैसा माझ्याकडे एकच होता, मालू. खरं सांग, रागावणार नाही.”

मालूचे डोळे भरून आले. “आमी चोर नाय,” एवढंच म्हणून ती सुदामला घेऊन आईला बोलवायला पळाली.

दीपेशला पटेना. मालू चोरी करणं शक्यच नाही. पण पैसा तर समोर दिसतोय. मग खरं काय मानायचं?

“काका, जरा बघू दे ना.” त्याने खिशातलं शाईचं पेन काढलं आणि एका साध्या पैशाच्या भोकात घट्ट बसेपर्यंत सरकवलं. कुठेही फट नाही. मग तेच मालूच्या पैशात घातलं. एका बाजूने चक्क उजेड दिसला.

“हे भोक गोल नाही, अंड्यासारखं आहे,” दिपिका म्हणाली. “काका, टांकसाळीत भोक चुकीच्या जागी पडेल. पण लांबट पडेल का?”

“लांबट...” काका चष्मा पुसत राहिले. “नाही. लांबट नाही पडायचं.”

“आणि कड बघा, चोखलेल्या गोळीसारखी गुळगुळीत झालीय,” दीपेश म्हणाला.

तेवढ्यात मालू आणि सुदामला घेऊन सोनाबाई आली. ती ओरडली नाही, त्यामुळे सगळ्यांना जास्तच भीती वाटली.

“सासऱ्यानं पागाला, फेकायच्या जाळ्याला, ओवलेला पैसा हाय तो,” ती म्हणाली. “लढाईत जाळं बुडवायला शिसं मिळत नव्हतं. मग पागाच्या कडेला भोकाचे पैसे ओवले. दोरी एकाच अंगाला ओढायची, खाली रेती घासायची. पाग कुजला, हा एक उरला. घरातल्या सगळ्या पोरांनी कमरेला बांधलाय.”

म्हणजे मालूचा पैसा चुकलेला नव्हताच, झिजलेला होता. मग काकांचा गेला कुठे? गोंधळ सुटायचा सोडून दुप्पट झाला.

दिपिका एकटक दादाच्या फाटक्या बाहीकडे बघत होती. “दादा, तुझी बाही अडकली कशात?”

दोघं पेटीपाशी धावली. कडीच्या बोल्टखाली एक चकती होती आणि ती एकाच बाजूने बाहेर आली होती. चकतीवर चक्क पैशावरचा मुकुट!

“आनंदाकाका, हे काय लावलंत?”

व्हरांड्यात हत्यारं आवरणारा आनंदा आत आला. “वायसर. तुमीच सांगितलं ना अविनाशभाऊ, टेबलावरचा एक घे म्हणून? पेपरातनं डोकं वर काढलं नाय तुमी.”

काकांचा आ वासला तो वासलेलाच राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. आनंदाने बोल्ट काढला. त्या भोकात पेन कसं गच्च बसलं! भोक सरकलेलं, पण अगदी गोल. भोवती मात्र बोल्टचे ताजे ओरखडे उठले होते.

“चूक टांकसाळीची,” दिपिका म्हणाली. “नाण्याच्या चिठ्ठीवर ओरखडे कुणाचे लिहायचे?”

“माझे लिही,” काका म्हणाले. मग पैसा ओवून सुदामचा करगोटा त्यांनी आपल्या हाताने बांधला. “मालू, चुकलो मी. सोनाबाई, माफ करा. एक विचारू? तुमचा पैसाही उद्या शेजारी ठेवायचा का? लोकांना फरक कळेल.”

“कमरेचा काढायचा नाय,” सोनाबाई म्हणाली. “एकदा काढलात तेवढं पुरे. बघायचा तर पोरासकट बघा.”

म्हणून दुसऱ्या दिवशी काचपेटीशेजारी चटई अंथरली गेली. मालूच्या मांडीवर सुदाम बिस्कीट खात बसला. “त्यांचा चुकला, आमचा झिजला,” मालू येईल त्याला सांगत होती, आणि दीपेश पेन घालून दाखवत होता. वाचनालयाच्या अध्यक्षबाई आशालताताईंनी तिघांची पाठ थोपटली. “मोठ्यांनी न बघताच ठरवलं, तुम्ही बघून ठरवलंत,” त्या म्हणाल्या.

मग नीट बघायला म्हणून त्यांनी सुदामच्या करगोट्याकडे हात नेला. अविनाशकाका लगबगीने आडवे आले.

“ताई, लांबूनच. आधी मालूला विचारायचं.”