पाचव्या चौकातला खो

या उद्धवराव, बसा. खांब पडवीतच आहेत, तेल लावून ठेवलेत. तुमच्या नव्या संघाला खो-खो खेळायचा आहे ना, मग खुशाल न्या. फक्त मला कॅप्टन व्हा म्हणून गळ घालू नका. का ते सांगतो. शालन, तो कंदील जरा पुढं सरकव गं.

तुम्ही कंपनीत यायच्या आधीची गोष्ट. छप्पनचं साल. आम्ही निम्मे बाहेरगावचे, निम्मे पिंपरी गावातले. पहिली शिफ्ट सुटली की रूळ आणि नदी यांच्या मधल्या मोकळ्या जागेत फक्कीनं मैदान आखायचं आणि दिवेलागणीपर्यंत धावायचं. त्यात चिमाजी होता. गावातला, माळकऱ्याचा पोरगा, काटकुळा, कशावरही हसणारा. मला दादा म्हणायचा. पाचव्या चौकात बसायचा तो. त्याच्यासारखा धावणारा मी पुन्हा पाहिला नाही.

दापोडीशी शेवटचा सामना होता, त्या दिवशी तो तापानं फणफणत आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मी चौकात बसतो, गडी कमी पडाया नको. पन मला उठवू नगंस, दादा. पायात जीवच न्हाई."

"नाही उठवणार," मी म्हटलं. "तुझ्या गळ्याची शपथ."

शपथ घ्यायला माझं काय जात होतं?

शेवटचं मिनिट राहिलं. त्यांचा एकच गडी उरला होता आणि तो नेमका पाचव्या चौकापुढून सटकला. पाठलाग माझ्याकडे होता. विचार केला असं म्हणणार नाही, हात आपोआप पडला त्याच्या पाठीवर. तव्यासारखी तापली होती पाठ. "खो!" मी ओरडलो. चिमाजीनं मान वळवून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि उठला. चौथ्या पावलाला त्यानं गडी मारला. आम्ही जिंकलो. पोरांनी त्याला खांद्यावर नाचवला, आणि तिसऱ्या दिवशी त्याच खांद्यांवरून नदीकाठी नेला.

मला कोणी बोल लावला नाही. शपथेचं कोणाला ठाऊकच नव्हतं. मीही सांगितलं नाही. आज तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पोरांनी त्याच्या आठवणीखातर सामना ठेवला. पाचवा चौक रिकामा सोडायचा असं ठरलं. त्याची आई मंजुळाबाई आली, तिनं त्या चौकात दोन झेंडूची फुलं ठेवली आणि कडेला जाऊन बसली. तिच्याकडे बघायचं मी टाळत होतो.

खेळ रंगला. उजेड कमी होत चालला होता, नदीकडून ओल्या गाळाचा वास येत होता. पाठलाग माझ्याकडे आला. समोरचा गडी पाचव्या चौकापुढून सटकला... आणि जुन्या सवयीनं माझा हात खाली आला. "खो!"

रिकामा चौक होता, उद्धवराव. पण हात हवेत गेला नाही. तळव्याला पाठ लागली. तापलेली.

खो देणाऱ्यानं त्याच जागी बसायचं, हा नियम अंगात इतका मुरलेला की मी बसलोसुद्धा. लोक हसले. पंच मारुतरावांनी शिट्टी फुंकली, "अहो अर्जुनराव, कुणाला खो देताय?" अंधार पडलाच होता, सामना तिथंच थांबवला. सगळे चहाला आंब्याखाली गेले. मलाही हाका मारल्या. मी हात हलवून येतो म्हटलं, पण मला उठवेना. खो मिळाल्याशिवाय चौकातून उठता येत नाही. खुळेपणा वाटेल तुम्हाला, पण तेव्हा पाय ऐकतच नव्हते. बुडाखालची माती गरम होती.

मग माझ्या पाठीमागून पावलं धावत गेली.

अनवाणी, हलकी. त्या टोकाच्या खांबाला वळसा घालून समोरून आली. समोर कोणी नव्हतं, फक्कीची रेघ मात्र विसकटत गेली. पुन्हा पाठीमागून... पुन्हा समोरून. दर फेरीला धाप वाढत होती. मी उठवलं होतं त्याला. आता दुसऱ्या कुणाला खो दिल्याशिवाय त्याला बसता येणार नव्हतं, आणि रांगेत मी एकटाच होतो.

मला रडू आलं. "चिमाजी," मी म्हटलं, "चुकलो रे. दे मला खो... बस आता तू."

पावलं माझ्या पाठीशी थांबली. मानेवर गरम श्वास आला.

"दादा... न्हाई उठवत तुला. माज्या पायात जीव हाय तवर न्हाई उठवत."

आणि पुन्हा धावू लागली. पोरांनी येऊन मला काखेत हात घालून उचललं, तोवर धावतच होती.

त्यानंतर वर्षभर दिवेलागणीला मला ती ऐकू यायची, घराभोवती. मी भिंतीला पाठ लावून बसायचो. पण अलीकडे ती मंदावली. फरफटत यायची. परवा एकदा मधेच थांबली, आणि काल आलीच नाही. सुटलो, असं मला वाटलं.

आज दुपारी शालननं हा सदरा दोरीवरून काढला. नवा आहे, मैदानावर कधी नेलेलाच नाही. धरा कंदिलापुढं, पाठ बघा. पाच बोटं. फक्कीची. दोनदा धुतला तिनं.

सकाळपासून अंगात ताप आहे माझ्या. बसल्या जागी पाय राहत नाहीत.

खांब न्यायचे तर न्या. पण पडवीपर्यंत उलट्या पावली जा, उद्धवराव. माझ्याकडे पाठ करू नका.