चहाच्या रंगाची काच

नमुना म्हणून आलेली काच आसावरी ठोसरने पांढऱ्या फडक्यावर ठेवली आणि ती बराच वेळ तिच्याकडे नुसती पाहत राहिली. बशीएवढी गोल काच. सोबत वेधशाळेची चिठ्ठी होती: 'दीप्तिनेत्राच्या खिडकीला कडेने तडा गेला आहे. एकेचाळीस वर्षांत प्रथमच बदलावी लागत आहे. हुबेहूब अशीच करून द्यावी.' उजेडाकडे धरली तर काच स्वच्छ वाटत होती. पांढऱ्या फडक्यावर मात्र ती फिक्या चहाच्या रंगाची होती.

वस्तीच्या काचशाळेत वीस वर्षं काढलेल्या बाईला कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. स्फटिककाच तीव्र किरणांत राहिली की हळूहळू तांबूस होते, आणि तांबूस झालेली काच साधा उजेड सोडते पण तीव्र किरण अडवते. आसावरीने ती किरणमापकाखाली धरली. शंभरातले जेमतेम चार किरण पलीकडे गेले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ही आग का, ते समजायला 'अंकुर' वस्तीचा थोडा इतिहास हवा. सव्वासहाशे माणसांची ही वस्ती एका कोवळ्या ताऱ्याभोवती फिरते. त्याच्या भोवतीच्या धुळीच्या चकतीत बर्फ आणि धातू भरपूर, म्हणून लोक इथे आले. कागदोपत्री ताऱ्याला लांबलचक क्रमांक आहे, पण सगळे त्याला तान्हा म्हणतात. हा तारा अजून आकसतोय, भोवतालची धूळ गिळतोय, आणि त्याचा प्रकाश कधी मंदावतो तर कधी एकदम उफाळतो. प्रत्येक उफाळ्याबरोबर आधी तीव्र प्रकाशाचा झोत येतो आणि त्याच्यासोबत हाडांपर्यंत पोचणारे भेदक किरण. झोत जितका मोठा तितके भेदक किरण जास्त. म्हणून झोत मोजायला पहिल्या पिढीने दीप्तिनेत्र बसवला, आणि ताऱ्याकडच्या भिंतीत तीन मीटर जाडीचं पाणी भरलं. ते जलकवच.

पहिल्या वर्षी नेत्राने उफाळ्यांची सरासरी शंभर दाखवली. मग ती दरवर्षी उतरत गेली. गेल्या वर्षी चारवर आली. दर वर्षदिनी आलेख सभागृहात लावायचा, पेढे वाटायचे आणि जलकवचातलं थोडं पाणी शेतीला सोडायचं, अशी रीतच पडून गेली होती. तान्हा वयात येतोय म्हणे. सूर्यासारख्या ताऱ्याला वयात यायला तीन-चार कोटी वर्षं लागतात हे शाळेतल्या पोरांनाही पाठ, पण आमचा तान्हा गुणाचा, तो एकेचाळीस वर्षांत शहाणा झाला! पेढा तोंडात असताना कोणाला शंका येत नाही.

आता कवचातलं उरलेलं पाणीही काढून तिथे काचेच्या छताचं 'अंगण' होणार होतं. उद्घाटन सहा दिवसांवर होतं, आणि पहिल्या दिवशी पन्नास मुलं ताऱ्याच्या उजेडात बसणार होती.

आसावरीचा धाकटा भाऊ हेरंब याच जलकवचाच्या भिंतीलगत नळजोडणीचं काम करायचा. अकरा वर्षांपूर्वी, सव्विसाव्या वर्षी, तो रक्ताच्या आजाराने गेला. छातीवरचा किरणबिल्ला मर्यादेतच होता, त्यामुळे दोष किरणांचा नाही असं ठरलं. मग उरला वंश. वस्तीच्या दोषनोंदीत दोन रकाने आहेत, वंशदोष आणि किरणदोष. पहिल्या रकान्यात ठोसरांचं नाव चढलं आणि आसावरीला संततीची परवानगी कायमची नाकारली गेली. नवऱ्याने वर्षभर धीर धरला, मग दुसरीकडे संसार थाटला. किरणदोषाचा रकाना मात्र स्थापनेपासून कोरा होता, आणि त्याचा पंचायतीला फार अभिमान.

तिने पाच दिवस भट्टीजवळून पाय हलवला नाही. उद्घाटनाच्या आदल्या सकाळी नवी, बिनरंगी काच फडक्यात गुंडाळून ती वेधशाळेत गेली. तिथे भार्गव पानसे भेटले. मुख्य तारानिरीक्षक, पंचायतीचे अध्यक्ष, वय वर्षं सत्तर. तिच्या नकाराच्या कागदावर सही त्यांचीच होती.

त्यांनी प्रेमाने चहा विचारला. नातीचं, ईशानीचं, कौतुक सांगितलं. तिला पाचवा महिना होता आणि उद्या अंगणात पहिल्या रांगेत तिची खुर्ची होती. आसावरीने चहा घेतला नाही. जुनी काच तिने त्यांच्या टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर ठेवली.

"हिचा रंग बघा, सर."

पानशांनी पाहिलं आणि ते हसले. रंग त्यांनाही ठाऊक होता, पण त्याने बिघडत काही नव्हतं. नेत्राची परीक्षा दरवर्षी तुलनाताऱ्यावर होते, तो तारा इतका स्थिर की त्यावर घड्याळ लावावं, आणि एकेचाळीस वर्षांत त्याचा आकडा तसूभरही ढळलेला नाही. म्हणजे नेत्र उत्तम आहे. मधेच काच बदलली असती तर निरीक्षणांची मालिका तुटली असती. नेत्राला हात लावायचा नाही, हा तर पहिल्या पिढीचा दंडक.

"तुमचा तुलनातारा कसा आहे?"

"म्हातारा. पिवळा, शांत."

"त्याच्या प्रकाशात तीव्र किरण किती?"

"जवळजवळ नाहीतच," पानसे म्हणाले.

"म्हणजे तिखट कळतंय का हे बघायला तुम्ही जिभेवर दरवर्षी साखर ठेवलीत," आसावरी म्हणाली. "आणि गोड लागतंय म्हणून जीभ चांगली ठरवलीत."

पानशांनी काच पुन्हा कागदावर धरून पाहिली. माणूस लबाड नव्हता, आणि आसावरीला त्याचाच अधिक संताप येत होता. लबाड माणसाला निदान शिव्या तरी घालता येतात.

नवी काच त्यांनी स्वतः बसवली. आधी नेत्र तुलनाताऱ्याकडे वळवला. आकडा नेहमीचाच आला. मग तान्ह्याकडे. दोघं समोरासमोर बसून राहिली. पाऊण तासाने एक उफाळा आला, अगदी साधा, दिवसातून दहा-बारा येतात तसला. आकडा आला एकशे बारा.

पानशांनी पुन्हा मोजलं. पुढचा उफाळा त्र्याण्णव. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तो शांत झालाच नाही," ते म्हणाले.

"तो कशाला होईल? तान्हाच आहे तो. आंधळे आपण होत गेलो. एकेचाळीस वर्षं तुम्ही या काचेचा आलेख काढलात आणि त्याला ताऱ्याचं नाव दिलंत."

एवढं मात्र त्यांनी लगेच केलं: संदेशयंत्रावरून अंगण बंद करायचा हुकूम दिला आणि शेतीचं पाणी भिंतीत परत भरायला सांगितलं. भिंत पूर्ण भरायला आठ महिने लागतील असं उत्तर आलं. तोवर सगळ्यांना मागच्या गोदामांत हलवावं लागणार होतं. आसावरीला पानशांची कीव आली नाही.

तिने खिशातून हेरंबचा बिल्ला काढला. अकरा वर्षं तो तिच्या शिवणाच्या डब्यात होता.

"हा पुन्हा वाचा."

"आसावरी, बिल्ल्याचा नेत्राशी काय संबंध? तो तर आपोआप काळा पडतो."

"काळा पडतो, पण किती काळा म्हणजे किती किरण, हे तक्त्यावरून ठरतं. तो तक्ता दरवर्षी कोण करतं?"

तक्ता पानसेच करत. भिंतीतलं पाणी कमी होत गेलं तसे बिल्ले दरवर्षी अधिक काळे पडत होते. नेत्र म्हणे तारा निवतोय, मग बिल्लेच फाजील हळवे झाले असणार, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता आणि दर वर्षी त्यांचे आकडे खाली ओढले होते. बिल्ले खरं बोलत होते. त्यांना खोटं पाडायचं काम वेधशाळेने इमानेइतबारे केलं.

पानशांनी जुनं दप्तर काढलं. हेरंब गेला त्या वर्षी आकडे आठ पटींनी उतरवलेले होते. बिल्ल्यावर तीन लिहिलं होतं. मर्यादा पाच.

"चोवीस," ते म्हणाले. मग दप्तर मिटून, "तुमच्या घराण्यात काही दोष नव्हता."

हे वाक्य ऐकायला आसावरीने अकरा वर्षं वाट पाहिली होती. ऐकून आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. पण आलं नाही. आता ती चाळिशीला टेकली होती, आणि ते वाक्य कुठे ठेवावं हे तिला कळेना.

पानशांनी कपाटातून दोषनोंद आणली, पहिला रकाना काढला आणि ठोसर नावावर काट मारायला पेन उचललं. तेव्हा तिने त्यांचं मनगट धरलं.

"खोडू नका."

"अगं, चूक दुरुस्त करतोय."

"तुम्ही चूक पुसताय. हेरंबचं नाव दुसऱ्या रकान्यात न्या. तिथे लिहा, किरणदोष, चोवीस. आणि आता तुमचा बिल्ला बघा."

पानशांच्या बिल्ल्यावर एक होतं. वस्तीत सगळ्यांच्याच बिल्ल्यावर एक असतं. गेल्या वर्षाचा तक्ता पंचवीस पटींनी उतरवलेला होता. हा गुणाकार करायला निरीक्षकाची गरज नव्हती. पानशांनी तो मनात केला, आणि मग संततीच्या नियमाचं चौथं कलमही मनातच वाचलं असावं, कारण ते कलम त्यांनीच लिहिलं होतं: किरणदोषी व्यक्तीस संततीची परवानगी नाही, दिलेली असल्यास ती रद्द समजावी.

कोऱ्या रकान्यात त्यांनी हेरंब ठोसर लिहिलं. खाली भार्गव पानसे, पंचवीस. मग पेन तिसऱ्या ओळीवर टेकलं आणि तिथेच थांबलं.

"ईशानीचं कसं लिहू?" ते म्हणाले. "पाचवा महिना आहे तिला."

आसावरीने त्यांचं मनगट सोडलं.

"माझं लिहिताना विचारलं नव्हतंत," ती म्हणाली. "कलम मोडायचं असेल तर मोडा, मी आडवी येणार नाही. पण आज मोडलंत तर उद्या सभागृहात उभं राहून सांगायचं, की ते पहिल्या दिवसापासून चुकीचं होतं. आलेख लावता ना, तिथेच."

खिडकीबाहेर तान्हा पुन्हा उफाळला आणि नेत्राने एकशे चार दाखवले. पानशांनी चौथ्या कलमाचं पान उघडलं. आसावरीने टेबलावरची चहाच्या रंगाची काच उचलून फडक्यात बांधली. उद्या सभागृहात ती लागणार होती.