हेडफोनातला पाळणा

ही गोष्ट बाहेर सांगायची नाही, असं साहेबराव आजोबांनी बजावलं होतं. तरी लिहिते. लाईट गेली होती, आम्ही पोरं गच्चीवर बसलो होतो. "ऐकीव न्हाई," ते म्हणाले, "माझ्या दोस्ताच्या घरात घडलंय."

दोस्ताचा मुलगा सुगत. डॉक्टरकीच्या क्लासला दोन वर्षं घालूनही त्याचा नंबर लागला नाही. मग त्यानं लातूरच्या घरात वरच्या खोलीत कॉम्प्युटर नि माईक मांडला, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या ठोकल्या. वडील म्हणाले, "दिवाळीपर्यंत एक तरी गाणं दाव. न्हाई तर खोली क्लासच्या पोरांला भाड्यानं. ती तरी गुमान बसतेत."

सुगतनं आत्याला, सरजाबाईला, गळ घातली. तिच्या पाळण्याशिवाय गावात बारसं होत नसे. पण त्र्याण्णवच्या भूकंपात तिची पाच वर्षांची सिंधू घराखाली गाडली गेली. वरून आत्या पाळणा म्हणत राहिली, मातीखालून सिंधू साथ देत राहिली. मग आतला आवाज थांबला, असं सुगतचे वडील सांगत. तेव्हापासून आत्या गायली नव्हती.

"एकदाच म्हणीन," ती म्हणाली. "पुन्यांदा म्हण म्हणायचं न्हाई."

२०१४ची अनंत चतुर्दशी. खालची भाडेकरू पोरं मिरवणूक बघायला गंजगोलाईच्या चौकाकडं गेलेली. घर शांत, म्हणून सुगतनं तीच रात्र धरली. भूकंपही अनंत चतुर्दशीच्याच रात्रीचा, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

आत्यानं हेडफोन घातले. एक ओळ म्हटली आणि दचकली.

"कोन तरी माझ्या मागून म्हणून राहिलंय."

"तूच हायस की, आत्या! आवाज कॉम्प्युटरातनं फिरून येतो, म्हणून उशीर होतो. थांब."

त्यानं सेटिंग बदललं. आत्यानं दुसरी ओळ म्हटली.

"आता?"

आत्यानं हेडफोन कानांवर घट्ट दाबले.

"आत्या... आता?"

"आता... पुढून म्हणून राहिलंय."

सुगतनं हेडफोन आपल्या कानाला लावले. आत्याचे ओठ मिटलेले. तरी पुढची ओळ आली. बारीक आवाज. बोबडा.

आत्यानं हेडफोन ओढून घेतले. डोळे मिटले. पाळणा शेवटपर्यंत म्हटला.

सकाळी वडील वर आले. "दाव तुझं गाणं."

सुगतनं लावलं. त्यात आत्याचा आवाज नव्हताच. फक्त ते पोर गात होतं. आणि मध्येच एक माणूस...

"चल अक्का. आता आवाज येत न्हाई."

वडिलांचाच आवाज. एकवीस वर्षांपूर्वीचा. तरणा.

वडील गाणं बंद करायला पुढं झाले. दारात आत्या उभी होती.

त्या वाक्यानंतरही पोर गातच होतं. एक कडवं. दुसरं. मग ते थांबतं... आणि विचारतं, "आये, तू..."

"लुंबिनी! खाली ये आधी!" खालून आईनं मला हाक मारली.