अमावास्येला मरणारे जिवाणू

पारखीचं डोकं दुखत नसे, कारण तो पाणी तपासणारा रोबो होता. तरी गेले चार महिने तो डोकं धरून बसल्यासारखाच वागत होता. नदीकाठच्या ‘चित्रांगण’ रंगशाळेत सुताला रंग दिला जाई. तिथल्या तिसऱ्या टाकीतले जिवाणू (साध्या डोळ्यांना न दिसणारे इवलेसे सजीव) अधूनमधून पटापट मरत होते, आणि का मरतात ते कुणालाच कळत नव्हतं.

आता जिवाणू मेले तर बिघडलं काय, असं तुम्ही विचाराल. अकरा वर्षांच्या राजनंदिनीनेही हेच विचारलं होतं. तिची आई, प्रतीक्षा, रंगशाळेत साफसफाईचं काम करायची आणि शाळा सुटली की राजनंदिनी तिथे येऊन बसायची. दर बुधवारी तिथे कामगारांचा वर्ग भरे. २०४७ सालच्या नव्या नियमाप्रमाणे पाण्याबद्दलचा निर्णय साहेबांनी एकट्याने घ्यायचा नव्हता, कामगारांच्या पाणी-समितीचंही मत लागे. मत द्यायचं तर आधी समजायला हवं, म्हणून हा वर्ग. शिकवायला होते निवृत्त शास्त्रज्ञ डॉ. मुजावर. राजनंदिनीसाठी मुजावर आजोबा.

“हे बघ बेटा,” ते म्हणाले होते, “रंगवून उरलेलं घाण पाणी टाकीत येतं. तिथले जिवाणू ती घाण खातात, आपण भाकरी खातो तशी. त्यांना श्वास घेता यावा म्हणून आपण टाकीत हवा सोडतो. त्यांचं पोट भरतं आणि आपलं पाणी स्वच्छ होतं. ते मेले, तर ती घाण सरळ नदीत.”

अशी ती चार वेळा गेली होती. पाचव्यांदा गेली तर रंगशाळेला टाळं, अशी नोटीस फाटकावर लागली होती. येता-जाता राजनंदिनी ती रोज वाचे. आई समितीवर निवडून आली होती खरी, पण तीन वर्ग झाले तरी तिने तोंड म्हणून उघडलं नव्हतं.

चौथ्या वर्गात पारखीने पडद्यावर तारखा दाखवल्या. “दोन घटनांमधलं अंतर एकोणतीस किंवा तीस दिवस. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत चंद्राला साधारण तेवढेच दिवस लागतात. शंका : जिवाणूंवर चंद्राचा परिणाम होतो.”

इंजिनिअर पाटणकर साहेब खो खो हसले. “पारखी, आता पत्रिकाही मांडायला लाग!”

“पत्रिका कशी मांडतात?” पारखीने गंभीरपणे विचारलं.

“ते राहू दे. काळा रंग सगळ्यांत जहाल आहे. तोच बंद करून टाकू. पुढच्या बुधवारी मतं घेऊ.”

राजनंदिनीने मात्र तारखा वहीत उतरवल्या आणि घरी येताच भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिल्या. प्रत्येक तारखेच्या आदल्या चौकोनात काळा गोल होता. अमावास्या! आणि अमावास्येला रंगशाळेत यंत्रांची पूजा असते. पूजेआधी सगळी फरशी लख्ख धुतात. ती धुते कोण? तिची आई. मुठी मुठी ब्लिचिंग पावडर टाकून, देवाचं काम म्हणून नेहमीपेक्षा दुप्पट. त्या पावडरीच्या पिशवीवर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं : जंतुनाशक.

राजनंदिनीने वही मिटली. सांगावं तर दोष आईवर येणार. गप्प बसावं तर येत्या अमावास्येला रंगशाळाच बंद. ताटातली भाकरी तशीच राहिली.

“काय झालंय गं? जेवंना झालीस ती?” आईने विचारलं, आणि राजनंदिनीने रडत रडत सगळं सांगून टाकलं.

आई भिंतीला टेकली. “म्हंजी मीच मारलं व्हय गं त्यास्नी?”

“तुला म्हाईत नव्हतं, आई.”

“आता झालं की म्हाईत. सांगितलं तर मलाच घरी बसवत्याल.”

त्यानंतर आठवडाभर आई रोजच्यासारखी कामावर जात राहिली. बुधवारी ती काय करणार, ते राजनंदिनीला कळेना. विचारायची तिला भीतीच वाटत होती.

बुधवार उजाडला. अमावास्या शनिवारी होती. काळा रंग बंद करण्याच्या बाजूने हात वर होऊ लागले. आईचाही हात अर्धा वर गेला, थबकला, आणि ती एकदम उभीच राहिली.

“साहेब, काळ्या रंगाचा काय दोष न्हाई. माझ्या हातनं झालंय.” तिने ब्लिचिंग पावडरीचं सगळं सांगितलं.

“पण फरशीचं पाणी टाकीत जातच नाही,” पाटणकर म्हणाले. “नकाशात त्याची मोरी वेगळी आहे.”

“नकाशात आसंल. ती मोरी चार म्हैनं झालं तुंबल्याली हाय. आमी पानी मागच्या जाळीतनं सोडतो. ते तिसऱ्या टाकीतच पडतंय.”

“माझ्या माहितीत ही जाळी नाही,” पारखी म्हणाला.

मुजावर आजोबांनी टाकीतल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली (बारीक वस्तू मोठी करून दाखवणाऱ्या यंत्राखाली) ठेवला. पडद्यावर असंख्य ठिपके वळवळत होते. त्यांनी पावडर कालवलेलं पाणी सुईच्या टोकावर घेऊन त्यात टेकवलं. वळवळ मंदावली आणि थांबली. “ही पूड रोगाचे जंतू मारते तसे कामाचे जिवाणूही मारते. तिला ओळखता येत नाही.”

आई डोळे पुसू लागली. राजनंदिनीने पाटणकरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

“प्रतीक्षाताई,” ते शेवटी म्हणाले, “हे आम्ही तुम्हाला चार महिन्यांपूर्वीच विचारायला हवं होतं. तुमचं काम कुठे जात नाही.”

“ऐकलंत ना सगळ्यांनी?” आजोबा म्हणाले. “खरं सांगणाऱ्याला शिक्षा झाली, तर पुन्हा कोण सांगेल? टाकीत काय बिघडलं ते पारखी मोजतो. पाणी खरोखर कुठून येतं ते फरशी धुणाऱ्याला ठाऊक असतं. दोघांचं एकमेकांना कळलं नाही, तर निर्णय चुकणारच.”

“मग फरशीला रिठा वापरू,” कुणीतरी सुचवलं. “झाडाचंच फळ ते.”

“थांबा,” आई म्हणाली. “झाडाचं आसलं म्हणून काय झालं? रिठ्याचा फेस त्यास्नी सोसतोय का, ते आदी बघूया की.”

मुजावर आजोबांनी हसून मान डोलावली. मग त्यांनी दुसरा थेंब घेतला. बादलीभर पाण्यात मूठभर रिठा कालवून ते पाणी थेंबाला लावलं, तर जिवाणू सुस्तावले. चमचाभर टाकला, तर मजेत राहिले. चमचाभरच रिठा, बाकी गरम पाणी आणि ब्रश, असं एकमताने ठरलं. मोरी उपसायचंही ठरलं, पण त्या कामाला दोन आठवडे लागणार होते.

रविवारी सकाळी सात वाजता सगळे तिसऱ्या टाकीपाशी जमले. आदल्या दिवशी पूजा झाली होती, फरशीही धुतली होती. पारखीने नमुना काढला आणि सूक्ष्मदर्शक आईपुढे सरकवला. राजनंदिनीने तिचा पदर घट्ट धरला होता. आईने डोळा लावला. चाक थोडं फिरवून तिने पुन्हा पाहिलं.

“आई, सांग की!”

“हलत्यात,” आई म्हणाली. “समदी हलत्यात गं!” आणि ती तिथेच टाकीच्या कठड्यावर बसली. पाटणकरांनी टाळ्या वाजवल्या. पारखीला टाळ्या येत नसत, म्हणून त्याने दिवे उघडझाप केले.

आई मात्र नदीकडे बघत होती. “सर,” तिने मुजावर आजोबांना विचारलं, “हितनं पुढं पानी नदीत गेल्यावर तिथल्या माशास्नी ते सोसतंय का, ते कोन बघतंय?”

“अजून कुणीच नाही.”

“मग येत्या बुधवारी आमास्नी ते शिकवा.”