मालूआत्याच्या माळ्यावरचे संगणक

पुसून टाकलेली गोष्ट जाते कुठे? खरं तर हा प्रश्न त्या शनिवारी ऋजुताला पडायला हवा होता. पण तिला नुसता वैताग आला होता.

वैतागाचं पहिलं कारण मालूआत्या. आत्याचं वधूवर सूचक मंडळ साताऱ्यात नावाजलेलं. तिच्या कचेरीत आता भिंतीच पडदे झाल्या होत्या आणि हाक मारली की स्थळं दाखवायच्या. तरी आत्याने जुना एकही संगणक टाकला नव्हता. दर दसऱ्याला हळदकुंकू वाहिलेलं यंत्र भंगारात घालायचं नाही, हा तिचा नियम. नदीत विसर्जन करता आलं असतं तर तेही तिने केलं असतं. माळा संगणकांनी गच्च भरला होता आणि ऋजुताच्या शाळेत मात्र एकेका संगणकापुढे मुलं दाटीवाटीने बसायची. विनवण्या करकरून ऋजुताचा घसा सुकला, तेव्हा कुठे आत्या संगणक शाळेला द्यायला राजी झाली.

दुसरं कारण निगुती. जुनी यंत्रं मार्गी लावणारा हा नगरपालिकेचा यंत्रमानव. त्याने होकार दिल्याशिवाय काहीच बाहेर जाणार नव्हतं, आणि तो सकाळपासून एकच पालुपद लावून बसला होता.

"पुसलं गेलेलं नाही."

"अरे, मी स्वतः सगळं डिलीट केलंय. घोरपडेबाई शाळेतून टेम्पो घेऊन निघाल्यासुद्धा."

"पुसलं गेलेलं नाही."

"मग दाखव ना काय उरलंय ते," ऋजुता करवादली.

निगुतीने एका संगणकाला वायर जोडली. थोड्या वेळाने त्यातून कुणा बाईंनी कधीकाळी ठेवलेला निरोप ऐकू आला. "मालूताई, घोरपड्यांची संयोगिता चांगली आहे हो, पण दात किती पुढे! आमच्या मुलाशेजारी शोभायची नाही."

संयोगिता घोरपडे म्हणजे ऋजुताच्या गणिताच्या बाई. टेम्पो घेऊन येत होत्या त्याच.

आत्या मटकन खाली बसली. "तिला मी पत्रिका जुळत नाही एवढंच सांगितलं होतं गं. आता एकही संगणक द्यायचा नाही. हातोडा आण, फोडूनच टाकू."

"फोडायची गरज नाही," निगुती म्हणाला. "हार्ड डिस्क (माहिती साठवणारी चुंबकीय तबकडी) म्हणजे एक चाळ समजा. प्रत्येक खोलीच्या दारावर पाटी आहे. तुम्ही डिलीट करता तेव्हा फक्त पाटी निघते. संगणकाला वाटतं खोली रिकामी झाली, पण आत बिऱ्हाड तसंच असतं."

"मग ते हलतं कधी?" ऋजुताने विचारलं.

"त्या जागी नवं बिऱ्हाड आलं की. म्हणून तबकडीच्या कानाकोपऱ्यात निरर्थक आकडे भरायचे. याला अधिलेखन (जुन्या माहितीच्या जागी नवी लिहिणं) म्हणतात. मग मी पुन्हा शोधून बघतो, जुनं काही सापडतंय का. ज्या तबकड्या बिघडल्यात त्यांच्यावर काही लिहिता येत नाही. तेवढ्याच कारखान्यात भरडायच्या. त्यांचा धातू पुन्हा वापरता येतो."

"हे सकाळी सांगायला तुझी जीभ झडली होती का?"

"सांगत होतो. तुम्ही डिलीट करण्यात गर्क होता."

ऋजुताने कपाळावर हात मारला. निगुतीचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. आत्याने मात्र हातोड्याचा हट्ट सोडला. "कर बाबा तुझं ते अधिलेखन. पण नीट कर."

काम सुरू झालं आणि खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. घोरपडेबाई घाम पुसत जिना चढून आल्या. संगणक अजून तारांत अडकलेले पाहून त्या वैतागल्याच.

"ऋजुता, टेम्पोवाला खोळंबलाय. एवढं काय पुसताय?"

आत्याने मान खाली घातली. ऋजुताच बोलली.

"लोकांनी आत्याला विश्वासाने सांगितलेलं आहे, बाई. ते शाळेत यायला नको."

बाईंनी एकदा आत्याकडे पाहिलं. मग दारातून वाकून त्या टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "दादा, चहा घेऊन या सावकाश. इथे वेळ लागणार आहे." आणि पदर खोचून त्या ऋजुताबरोबर पुढचा संगणक माळ्यावरून उतरवू लागल्या.