अर्धा घाणा

बाप आला तो तोंड वर करून आला. पाली गावाबाहेरच्या त्या चिऱ्याच्या घरापुढे रिक्षा थांबली, आधी सुटकेस उतरली, मग इलेक्ट्रिक पियानोची लांबलचक पेटी आणि मागून म्हातारा गंगाराम. आम्रपालीनं पाणी दिलं. पाण्याला नाही म्हणता येत नाही, म्हणून दिलं.

मुंबईला हॉटेलात फरशी पुसायला गेलेला हा माणूस तिथल्या गोवेकर वादकाकडे पियानो शिकला, बोटीवरच्या बँडमधून कोपनहेगनला उतरला आणि तिकडचाच झाला. जॅझमध्ये मोठं नाव काढलं म्हणे. रेकॉर्डी निघाल्या, बक्षिसं मिळाली. इकडे बायको, सुंदराबाई, गेली तेव्हा मात्र साहेबांचा कार्यक्रम होता!

"आमू, वाजवून दाखवू?"

"दाखवा. आम्हाला कशापायी सोडलंत ते ऐकू तरी."

माजघरातल्या टेबलावर त्यानं पियानो मांडला, वायर जोडली. डाव्या हातानं जड ठोका धरला. ठोका, मग रिकामी जागा, परत ठोका.

"ह्या रिकाम्या जागेवर तिकडची माणसं जीव टाकतात," तो म्हणाला.

आम्रपालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही चाल तिला पाठ होती. ह्याच माजघरात जमिनीत दगडी वायन, कांडायचं उखळ, होतं. नवराबायको समोरासमोर उभी राहून त्यात भात कांडायची, एकाचं मुसळ वर तेव्हा दुसऱ्याचं खाली. मुंबईची गाडी आली तसा हा अर्ध्या घाण्यावर, वायनातला भात निम्माच कांडलेला असताना, मुसळ टाकून पळाला. "जोडीदाराला असं मध्येच टाकून जातात होय?" आई मरेपर्यंत म्हणायची. पुढं एकटी कांडतानाही ती त्याच्या ठोक्याची जागा सोडायची.

"आईचं मुसळ ते! तिलाच विकून खाल्लंत तुम्ही तिकडे!"

गंगाराम थांबला नाही. वाजवत राहिला. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी हललं. ठोक्याला नाही, रिकाम्या जागेला.

"आमू, पाय आपटू नको."

"मी कुठं आपटतेय?"

ती उंबऱ्यात उभी होती, अनवाणी, जागची न हललेली.

धप्.

आवाज लादीखालून आला. वायन बुजवून वर लाद्या बसवल्याला वर्षं झाली होती. धप्. त्याच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये.

भीती नंतर आली, आधी तिला रागच आला. आई, तूसुद्धा? जन्मभर तुझी बाजू मी घेतली, आणि साथ ह्याला देतेस? तिचे डोळे भरून आले. तिनं तरातरा जाऊन वायर ओढून काढली.

पियानो मुका झाला. लादीखालचा आवाज चालूच राहिला. आणि बापाचा डावा हातही मुक्या पट्ट्यांवर पडतच राहिला.

"पुरे झालं आता!"

"मी थांबतोय गं. हात ऐकत नाही."

धप्.

त्याचा चेहरा घामानं निथळत होता. बोटं लाल झाली होती.

"तिला सांग, आमू. तुझं ऐकेल ती."

आम्रपालीनं खाली बघितलं. लाद्यांच्या फटीतून भाताचं तूस वर येत होतं. तिनं चिमटीत धरून पाहिलं. गरम होतं.

तिनं खुंटीवरचं सूप काढलं आणि बापासमोर मांडी घालून बसली.

"घाणा पुरा होऊ दे, बाबा," ती म्हणाली, आणि पाखडायला घेतलं.