विहिरीची नळी

नागपूरचा मे महिना सोसायचा तर घराला दोन गोष्टी हव्यात, दाराला वाळ्याचा पडदा आणि नळाला धार. मनोहररावांच्या घरी पडदा होता. धारेच्या नावाने मात्र बोंब होती.

ते दिवस सत्तरच्या दशकातले. वाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर संत्र्याची बाग तोडून एक इमारत उठली होती, तिच्यात ते सगळ्यात वर राहत. पाणी खालच्या मजल्यांना मनसोक्त न्हाऊ घाली आणि वर येता येता दमून जाई. मनोहरराव सकाळीच गोदामात कामाला जात, मागे त्यांची बायको गोपिका बादली घेऊन जिना चढे. तिला आठवा महिना होता. याआधी दोनदा हाती आलेलं निसटलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं, यापुढे तांब्याहून जड काही उचलायचं नाही.

घरमालकाने काय केलं, तर नळाची तोटी बदलून दिली. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! शेवटी मनोहररावच नळकाम करणाऱ्या ताराचंदला घेऊन आले. त्याने उभी लाइन ठोकून पाहिली.

"आतून गंजून गेली साहेब. पाणी चढन कसं? मोठा पाइप टाका लागते."

मोठा पाइप शोधायला लांब जायलाच नको होतं. जमिनीतून निघून मागच्या भिंतीने थेट गच्चीपर्यंत एक जाडजूड पाइप गेला होता. ना त्याला तोटी, ना कुठे जोड. वर नुसतं उघडं तोंड.

"जुनी लाइन दिसते. बेकार पडून राहिली," ताराचंद म्हणाला.

चकटफू मिळालेलं लोखंड कोण सोडतो? पाइप कापला, गंजलेल्या लाइनच्या जागी चढवला. जमिनीत उरलेल्या बुंध्यात लाकडाचा गुल्ला ठोकून वर सिमेंट लिंपलं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वरच्या मजल्यावर अशी धार कोसळली की बादली तिरपी झाली. गोपिका लहान पोरीसारखी हसत हात भिजवत बसली. मनोहरराव कामावर गेले ते मिशीला पीळ देतच.

दुपारी जेवायला घरी आले, तर गोपिका भिंतीला टेकून बसलेली. चेहरा पांढराफटक.

"अहो... बाळ सकाळपासून हालून नाही राहिलं."

 तिच्या तोंडावर पाणी मारावं म्हणून मनोहरराव मोरीत धावले, तोटी सोडली. धार आली नाही. त्यांनी खाली ओंजळ धरली, तर तळवा वर खेचला गेला... नळ आत ओढत होता. मग थांबला. मग गार, ओलसर हवा तळव्यावर आली, शेवाळाच्या वासाची. पुन्हा ओढ. पुन्हा हवा. संथ. झोपलेल्या माणसासारखी.

त्यांनी ओरडून हात सोडवला आणि रिक्षा आणायला जिना उतरले. तळमजल्यावरच्या भागीरथाबाई मागच्या भिंतीपाशी उन्हात उभ्या होत्या. तोडलेली ती बाग त्यांच्या सासऱ्यांची. आजच त्या माहेराहून परतल्या होत्या.

"मनोहर, इथची नळी कोणं काढली गा?"

"मावशी, बेकार होती ते..."

"बेकार? खाली आमची विहीर हाये! बुजवली तं नळी सोडा लागते, तुले माहीत नाही? जित्या विहिरीचा दम कोणी कोंडते काय? कोंडला तं ते दुसरीकडून घेते..."

माहीत कसं नसणार! मनोहरराव उमरेडकडच्या शेतकऱ्याचं पोर. त्यांच्या बापानेही विहीर बुजवताना पोकळ वेळू उभा ठेवला होता. शहरात आलं की माणूस शहाणा होतो तो असा. भयाने आणि स्वतःवरच्या रागाने त्यांना रडू फुटलं. भागीरथाबाईंनी दाराआडची लोखंडी सब्बल आणून दिली. ते वेड्यासारखे घाव घालत सुटले. सिमेंट फुटलं, आणि गुल्ला आपोआप आत ओढला गेला. मातीने भरलेल्या विहिरीत तो जातच राहिला. पडल्याचा आवाज आला नाही.

मग बुंध्यातून एक लांब उसासा निघाला.

वरून गोपिकाची हाक आली, "अहो, हललं! हललं!"

मनोहरराव पायऱ्या कशा चढले हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. गोपिका हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने त्यांचा हात धरून पोटावर ठेवला. देवाचं नाव त्यांच्या ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं.

लुगड्यातूनही पोट गारठलेलं लागत होतं. तळव्याखाली ते हळूहळू आत गेलं... थांबलं... फुगून वर आलं. लाथ नव्हती ती. गोपिका तर बोलत होती, हसत होती, तिचा श्वास भराभर चालला होता. हा दुसराच होता, संथ.

खालून भागीरथाबाईंचा कापरा आवाज आला, "मनोहर... इथं तं आता दमच नाही गा... नळी गुमसुम झाली..."

मनोहररावांनी हात काढून घेऊ पाहिला. निघाला नाही. तळवा पोटाला चिकटून आत आत ओढला जात होता.

"राहू द्या ना," गोपिका लाडात म्हणाली, "तुमाले ओळखून राहिलं ते."